अकरा सामने न पुसलेला बूट

मी एक बूट बोलतोय. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. तो पाय दुर्वालिनो प्रातेस नावाच्या माणसाचा. पण या नावाने त्याला फक्त त्याची आई आणि पोलीस हाक मारत. बाकी सगळे त्याला सोको म्हणत. सोको म्हणजे आमच्याकडचा, ब्राझीलचा, बगळा. दलदलीत एका पायावर उभा राहतो, झोपल्यासारखा दिसतो, आणि चोच कधी चालली ते माशालाही कळत नाही. दुर्वालिनो तसाच खेळायचा.

मी लांबण लावणार नाही. बूट आहे. पण माझ्या नावाने एक खोटी गोष्ट लोक अजून सांगतात, ती नीट करून ठेवायची आहे.

माझा जन्म साल्तो फुंदो नावाच्या रेल्वेच्या गावात झाला. करणारा अम्लेतो. त्याचा आजा इटलीहून बोटीने आला होता आणि येताना फक्त आरी, रापी आणि राग घेऊन आला होता, असं गावात म्हणत. अम्लेतोच्या तोंडात कायम खिळे असत. त्यामुळे तो कमी बोलायचा, आणि बोलला की टोचायचं.

सोको तेव्हा एकोणीस वर्षांचा. वीटभट्टीवर कामाला होता आणि अनवाणी खेळायचा. राजधानीच्या आउरोरा क्लबाने त्याला बोलावलं होतं. तिथे अनवाणी चालणार नव्हतं. अम्लेतोने सुतळीने त्याच्या पायांचं माप घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा घेतलं.

"हे दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत का रे?"

"का, मास्तर?"

"उजवा अर्धं बोट लांब. डावा पसरट. कुणाचा उचलून आलास?"

"आम्ही नऊ भावंडं, मास्तर. माझी पाळी आली तोवर जोडीचे संपले होते."

हसण्यासाठी अम्लेतोने तोंडातले खिळे काढले. हे त्याच्या दुकानात एकदाच घडलं, असं सोको सांगतो. मग त्याने दोन निरनिराळे लाकडी साचे कोरले. बैलाच्या पाठीचं कातडं घेतलं. तळाला चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून सहा खुंट्या केल्या आणि प्रत्येक खुंटीला तीन बारीक खिळे ठोकले. अठरा खिळे. एकही वाकडा नाही. असा बूट आता होत नाही. हे मी गर्वाने सांगतोय, आणि गर्व खरा असला की सांगावा.

"ओला झाला की पुसायचा," अम्लेतो म्हणाला. "वाळला की चरबी लावायची. विसरलास तर मला तोंड दाखवू नको."

आम्ही रिओला आलो, तेव्हा तीच राजधानी. पहिलं वर्ष वाईट गेलं. आउरोराच्या लोकांना धावणारा माणूस हवा होता, आणि सोको उभा राहायचा. मैदानाच्या टोकाला, बचाव करणाऱ्या दोघांच्या मधे, हात कमरेवर. कठड्यावरून लोक ओरडत, "ए बगळ्या, उठ! तळं आटलं!" रेडिओवर सामना सांगणारा तर म्हणायचा, "आउरोरा आज दहा खेळाडूंनी खेळतोय. अकरावा हवा खायला आलाय."

मी रागावायचो. कारण उभं राहणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तो वजन माझ्यावर टाकायचा, बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या उंचवट्यावर. तिथून तो कुठेही वळू शकायचा. बाहेरून बगळा दिसायचा, आत सगळं ताणलेलं. चेंडू आला की एक पाऊल. दोन नाही. एक.

दुसऱ्या वर्षी त्याने एकवीस गोल केले. मग तेवीस. रेडिओवाला म्हणू लागला, "सोको उभा आहे, मंडळी, सांभाळा." लोकांचं असंच असतं. माणूस तोच, उभं राहणंही तेच. फक्त आकडा बदलला.

या सगळ्या वर्षांत मला सांभाळलं ते बेलार्मिनोने. तो आउरोराचा कपडे आणि बूट राखणारा. उंच, काळा, पाठीत थोडा वाकलेला म्हातारा. तरुणपणी स्वतः बचावात खेळलेला. दर सामन्यानंतर तो आम्हाला ओल्या फडक्याने पुसायचा, आत जुनी वर्तमानपत्रं कोंबायचा, सावलीत वाळवायचा, मग चरबी. खेळाडू त्याला काका म्हणत. तो सगळ्यांना गाढव म्हणायचा, आणि कुणाला राग यायचा नाही.

मग बावन्न साल आलं.

आउरोराने सतरा वर्षं शहराची स्पर्धा जिंकली नव्हती. दुसऱ्या फेरीचा पहिला सामना टेकडीवरच्या एका मैदानावर होता. मुसळधार पाऊस, गुडघाभर चिखल. बसचा ड्रायव्हर वाट चुकला आणि मासळी बाजारातून अर्धा तास भटकून आम्हाला घेऊन गेला. आम्ही तीन-शून्य जिंकलो. तिन्ही सोकोचे.

सामन्यानंतर क्लबचे अध्यक्ष आत आले. डॉक्टर ओतासिलिओ. औषध त्यांनी कधी कुणाला दिलं नाही, ते साखरेचे व्यापारी. पण आमच्याकडे मोठ्या माणसाला डॉक्टर म्हणायची रीत आहे. बेलार्मिनो फडकं घेऊन बसला होता. डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. पुसू नकोस."

"चिखल आहे, डॉक्टर."

"हा चिखल नाही, बेलार्मिनो. हे तीन गोल आहेत."

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जिंकलो. मग नियमच झाला. बस मासळी बाजारातूनच जायची. डॉक्टर तोच तपकिरी लोकरी कोट घालायचे. गोलरक्षक व्हाल्दोमिरो सामन्याआधी अर्धी पपई खायचा, कारण पहिल्या दिवशी उरलेली अर्धी कुणीतरी खाल्ली होती. मोजे धुवायची तेवढी परवानगी मिळाली. तीसुद्धा वासाने ड्रायव्हर बसमध्ये चढेना म्हणून. पण बुटांना हात लावायचा नाही. पुसायचं नाही, वाळवायचं नाही, चरबी नाही.

पाच सामने, सहा, सात. सगळे जिंकले. लोकांनी मला पाहायला रांगा लावल्या. एका बाईने माझ्यावरच्या चिखलाचा तुकडा चिमटीने उचलला आणि रुमालात बांधून नेला. मला फार मोठं वाटलं. खरं सांगतो, लपवत नाही. मला वाटलं, मीच जिंकतोय.

आणि आत माझं कातडं सुकत होतं. चिखल ओल शोषतो आणि कातड्यातलं तेलही घेऊन जातो. तळ आवळला. पुढच्या खुंटीतला एक खिळा हळूहळू वर सरकला, बरोबर त्या जागी जिथे सोको वजन टाकायचा.

आठव्या सामन्यात तो त्याला टोचला. सोकोने सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घडी करून आत घातला. नवव्या सामन्यात पुठ्ठ्याला भोक पडलं. त्याने केळीचं पान घातलं, वर जाड लोकरी कापडाचा तुकडा. दहाव्यात तेही गेलं. अकराव्या सामन्यात त्याने दोन गोल केले आणि पूर्ण वेळ मी त्याच्या पायात खिळा घालत होतो. त्याचं रक्त माझ्यात जिरलं. पाय राखायला केलेली वस्तू मी. याहून मोठी लाज बुटाला नसते.

आता एकच सामना उरला. इंपेरिआल क्लबाशी. आउरोरा एका गुणाने पुढे होता. बरोबरी झाली तरी स्पर्धा आमची. सामन्याआधी दोन दिवस सगळ्या संघाला गावाबाहेरच्या एका घरात कोंडून ठेवलं. बायका नाहीत, पत्ते नाहीत, बियर नाही. स्वयंपाकाला दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई. ती पन्नाशीची, आवाज तिच्या कढईहून मोठा.

शुक्रवारी दुपारी बेलार्मिनो मोजे धूत होता. एक मोजा त्याने उन्हात धरला आणि सोकोला हाक मारली. सोको लंगडत नाही असं दाखवत आला.

"हे काय?"

"टोमॅटोचा रस्सा, काका."

"मोज्यात टोमॅटो पिकवतोस?"

म्हाताऱ्याने त्याला स्वयंपाकघराच्या पायरीवर बसवलं आणि पाय वर ओढला. तळवा सुजला होता. मधे काळं भोक, भोवती कातडी पांढरी. झुल्मिरा डोकावली.

"अरे देवा! हा पाय आहे की सडका पेरू?"

"हळू बोल, दोना झुल्मिरा."

"मी हळू बोलले तर घरात कुणाला जेवण झालेलं कळत नाही. काय टोचलं?"

बेलार्मिनोने मला मांडीवर घेतलं. त्याने माझ्यात हात घातला. टोकापर्यंत. अकरा सामन्यांत त्याचा हात माझ्या आत गेला नव्हता. त्याचं बोट खिळ्याला लागलं, त्याने ते बाहेर काढून चोखलं.

"दे मला पक्कड."

सोकोने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि छातीशी धरलं.

"नाही, काका. परवा झाल्यावर."

"परवा तू या पायावर उभाच राहणार नाहीस."

"राहीन. पट्टी बांधीन."

"गाढवा, तू बूट जपतोयस की पाय?"

"अकरा सामने, काका! अकरा! सतरा वर्षं लोक थांबलेत. माझ्या सासूने या सामन्यापर्यंत गोड सोडलंय. परवा हरलो तर सगळे काय म्हणतील? बगळ्याने बूट धुतला आणि आउरोरा बुडाला. मी रिओत राहू शकेन का?"

खरं भय ते होतं. त्याला पायाची काळजी नव्हती. त्याने बूट साफ केला आणि आउरोरा हरला, तर तो माणूस म्हणून संपला असता. आणि साफ केला नाही तर खेळाडू म्हणून. हे तोही जाणत होता. घामाने त्याचे हात माझ्यावर घसरत होते.

बेलार्मिनो त्याच्या शेजारी बसला.

"अकरा सामन्यांत तुझे गोल किती?"

"चौदा."

"कुणी केले? तू की चिखलाने?"

सोकोने माझी नाडी बोटाला गुंडाळली.

"चिखलाने केले असतील तर परवा चिखलालाच मैदानात पाठव. मी नाड्या बांधून देतो. तू इथे झुल्मिराजवळ बसून कांदे चीर."

"मला नको हा," झुल्मिरा आतून ओरडली. "कांदा कापताना पण उभाच राहील!"

सोकोला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता त्याने मला म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

मग काम झालं. म्हाताऱ्याने खिळा आतून उपसला, जागा कानशीने गुळगुळीत केली, तिथे नवं कातडं बसवलं. सगळे खिळे बोटाने तपासले. अकरा सामन्यांचा चिखल गरम पाण्याने उतरवला. पायरीखालून तांबडं पाणी वाहत गेलं आणि कोंबड्या ते चोचीने तपासायला आल्या. शनिवारच्या काळ्या घेवड्याच्या रश्शासाठी ठेवलेली चरबी झुल्मिराने वितळवून दिली. "डॉक्टरांना कळलं तर ते तुम्हाला घेवड्यात घालतील," ती म्हणाली, "आणि मी मीठ घालीन." डाव्यालाही तसंच केलं. सोकोचा पाय दोन दिवस मिठाच्या पाण्यात राहिला.

रविवार. डिसेंबर, म्हणजे आमचा भर उन्हाळा. बस मासळी बाजारातून गेली. डॉक्टर लोकरी कोटात घामाने निथळत खेळाडूंच्या खोलीत आले, आणि त्यांना मी दिसलो. तुपासारखा चमकत होतो.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हे कुणी केलं?"

"मी," बेलार्मिनो म्हणाला. "सव्वीस वर्षं हेच करतोय."

"मी सांगितलं," सोको म्हणाला.

"खोटं बोलतोय. मी केलं."

"तुम्ही दोघांनी मला मारलंत," डॉक्टर म्हणाले आणि बाकावर बसले. मग एकदम उठले. "चिखल आणा! लावा परत!"

खजिनदार धावत गेला आणि टोपीत माती कालवून घेऊन आला. दारातल्या जास्वंदीच्या कुंडीतली. आता खेळाडूंत वाद सुरू झाला, आणि तो कुणी गमतीने घालत नव्हतं.

"तो चिखल टेकडीवरचा होता," डाव्या बाजूचा जुरांदिर म्हणाला. "कुंडीतला कसा चालेल?"

"चिखल तो चिखल," व्हाल्दोमिरो पपई खात म्हणाला.

"वा रे! मग तुझी पपई? भोपळा खा की!"

"पपईचं नाव घेऊ नकोस!"

"दोन्ही मिसळू," खजिनदार म्हणाला. "जिथे धुतला तिथे जुना असेल थोडा..."

"तो कोंबड्यांनी खाल्ला," बेलार्मिनो म्हणाला.

सोकोने कुणाकडे पाहिलं नाही. त्याने पाय माझ्यात घातला, नाडी बांधली, उठून उभा राहिला. एकदा उजव्यावर वजन टाकून पाहिलं. मग दार उघडून बाहेर गेला.

"बेलार्मिनो," मागून डॉक्टरांचा आवाज आला, "हरलो तर उद्या सकाळी बुटांच्या खोलीच्या किल्ल्या माझ्या टेबलावर."

"आणि माझे बूट किल्ल्यांच्या शेजारी," सोको न वळता म्हणाला.

कठड्यावरच्या लोकांना मी दिसायला वेळ लागला नाही. "बूट पुसलाय! अरे, बूट पुसलाय!" ही बातमी वाऱ्यासारखी मैदानाला फेरी घालून आली. विसाव्या मिनिटाला इंपेरिआलने गोल केला. मग कठड्यावरच्या आमच्याच लोकांनी सोकोला जे म्हटलं ते मी इथे सांगणार नाही. बेलार्मिनोच्या डोक्यावर संत्र्याच्या साली पडत होत्या. तो टोपी काढून मांडीवर ठेवून बसला होता.

मध्यंतर झालं. एक-शून्य. सत्तर मिनिटं झाली, तरी तेच. आणि सोको उभा होता.

मला सगळं आठवतं. त्याने वजन माझ्यावर टाकलं होतं, त्याच जागी. दुखत असेल, जखम अजून भरली नव्हती. पण टोचत नव्हतं. इंपेरिआलच्या बचावाने त्याला लंगडा समजून जरा सैल सोडलं. एकोणऐंशीव्या मिनिटाला जुरांदिरने बाजूने चेंडू आत घातला, पाठीमागे, उंच. पळणारा माणूस पुढे निघून गेला असता. सोकोला पुढे जायचं नव्हतं. तो माझ्यावर गर्रकन वळला, सगळं वजन, सगळं शरीर, एका खुंटीवर, आणि डाव्याने मारलं.

जाळं हललं. मग आवाज.

एक-एक. पुढची अकरा मिनिटं व्हाल्दोमिरोने जे काही केलं ते त्याची पपई जाणे. सामना बरोबरीत सुटला. सतरा वर्षांनी स्पर्धा आउरोराची झाली. बारावा विजय मात्र मिळाला नाही.

लोक म्हणतात, त्या दिवशी खिळा काढलेल्या उजव्या बुटाने गोल केला. चूक. गोल डाव्याने केला, आणि डाव्यात कधी खिळा वर आला नव्हता. मी फक्त उभा राहिलो. मारणारा पाय सगळे बघतात. उभा राहणारा पाय कुणी बघत नाही. मला त्याचं दुःख नाही. नोंद असावी एवढंच.

डॉक्टरांनी बेलार्मिनोला मिठी मारली. किल्ल्यांचा विषय निघाला नाही. नवा नियम मात्र निघाला.

"यापुढे दर शुक्रवारी दुपारी," डॉक्टर म्हणाले, "त्याच पायरीवर. त्याच पकडीने. झुल्मिराचीच चरबी. आणि कोंबड्यासुद्धा हव्यात."

"डॉक्टर, हे नशीब नाही. ही चरबी आहे."

"हळू बोल! ऐकेल ते."

म्हाताऱ्याने हात जोडले. पण बूट मऊ राहिले. कारण काही का असेना, काम झालं.

सोको आणखी चार वर्षं खेळला. मग गुडघा गेला. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांना क्लबच्या काचेच्या कपाटासाठी आमची जोडी हवी होती. सोकोने डावा काढून दिला.

"आणि उजवा?"

"तो माझ्याकडे राहू दे."

"गोल तर डाव्याने केला," डॉक्टर म्हणाले. "याचं काय करणार?"

"काम आहे याला," सोको म्हणाला.

डावा अजून काचेत आहे. त्याला सोनेरी रंग दिलाय. सणाला हार घालतात. मागच्या वर्षी कुणीतरी कपाट हलवलं तेव्हा त्याची टाच सुटून पडली, आणि ती डिंकाने चिकटवली.

मी बुटांच्या खोलीत आहे, आउरोरातच. बेलार्मिनो गेल्यावर त्याच्या किल्ल्या सोकोला मिळाल्या. लोकांना वाईट वाटलं. चौदा गोलांचा बगळा आता बूट पुसतो म्हणे. त्याला वाटलं नाही. तो आता साठीला आलाय. मी टेबलावर उभा असतो, माझ्यात पक्कड, कानस आणि आरी. हत्यारं ठेवायला माझ्यासारखा खोल बूट दुसरा नाही. महिन्यातून एकदा तो मलाही चरबी लावतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी तो चाळीस बूट समोर मांडतो आणि एकेकात हात घालतो. शेवटपर्यंत. मी बघत असतो. तरुण खेळाडू आपल्या लाडक्या बुटाला नमस्कार करून, चुंबन घेऊन आत येतात, आणि सोको म्हणतो, "झालं? आता दे इकडे."

तुमच्याकडेही असं काही असेल, ज्याच्यावर तुम्ही रोज उभे राहता. वस्तू असेल, माणूस असेल. त्याला हार घालू नका. आत हात घाला. बोटाला टोचलं तर बोट मागे घेऊ नका.